पन्नास पेन्सचा कुत्रा

ब्रिटनमध्ये अंध व्यक्तीला मार्गदर्शक कुत्रा मिळतो तेव्हा तिने संस्थेला पन्नास पेन्स द्यायचे, अशी तिथली जुनी पद्धत आहे. आपल्या हिशेबात पन्नास-साठ रुपये. मुंबईत दोन वडापाव आणि एक कटिंग येईल, एवढे. त्याच कुत्र्यावर जन्मापासून निवृत्तीपर्यंत संस्थेचा खर्च होतो पन्नास हजार पौंडांहून अधिक. म्हणजे पन्नास लाख रुपयांच्या वर.

या दोन आकड्यांमधली दरी भरतात ती माणसं बहुतेक वेळा त्या कुत्र्याला कधी पाहतही नाहीत. कुणी दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठवतं, कुणी मॅरेथॉन धावून ओळखीपाळखीच्या लोकांकडून वर्गणी गोळा करतं, कुणी मृत्युपत्रात दोन ओळी लिहून जातं. ‘गाइड डॉग्ज’ या ब्रिटिश संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा अशा मृत्युपत्रांतूनच येतो. सरकारी तिजोरीचा या कुत्र्यांच्या खर्चात वाटा जवळपास नाहीच. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान इथेही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसतं. दिव्यांगांना साहाय्य करणारा कुत्रा घडवण्याचं काम गेली जवळजवळ शंभर वर्षं प्रामुख्याने लोकांच्या देणग्यांवर उभं आहे.

एका कुत्र्याला एवढा पैसा लागतो कशाला, हा पहिला प्रश्न. खाणं, लस, डॉक्टर यांचा खर्च मोठा असला, तरी खरी किंमत असते वेळेची. आणि त्याहून मोठी असते ती न जमलेल्या कुत्र्यांची.

पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की ते आईपासून निघून एका स्वयंसेवक कुटुंबाकडे जातं. हे कुटुंब त्याला साधारण वर्ष-सव्वा वर्ष सांभाळतं. मार्गदर्शनाचं खरं शिक्षण अजून दूर असतं. या काळात पिल्लाने जग बघायचं असतं. बसचा दरवाजा फुस्स करून उघडतो, सरकता जिना पायाखाली हलतो, बाजारात मासळीचा वास येतो, लहान मुलं किंचाळत धावतात. यातल्या कशालाही घाबरायचं नाही आणि कशाच्याही मागे धावायचं नाही, एवढं त्याला शिकायचं असतं. मग एके दिवशी संस्थेची गाडी येते आणि घरातलं एक माणूसच गेल्यासारखं ते कुत्रं केंद्रावर जातं. पिल्लू वाढवणाऱ्यांपैकी अनेक जण रडतात आणि काही दिवसांनी दुसरं पिल्लू घेऊन येतात.

केंद्रावर मग काही महिन्यांचं कसून प्रशिक्षण होतं. पदपथावर मधोमध चालायचं, कडेला आलं की थांबायचं, अडथळा आला तर वळसा घालायचा. हा वळसा फक्त स्वतःपुरता घालून चालत नाही. कुत्र्याला खांबाला वळसा घालायला हातभर जागा पुरते, पण शेजारच्या माणसाचा खांदा त्याला हिशेबात धरावा लागतो. वर लोंबकळणारी फांदी कुत्र्याच्या डोक्याला कधीच लागणार नसते, पण माणसाच्या कपाळाला लागणार असते. स्वतःच्या उंचीपलीकडचं हे भान प्राण्याला देणं किती कठीण असेल!

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. कुत्रा सिग्नल बघून रस्ता ओलांडून देत नाही. लाल-हिरवा हा भेद त्याच्या डोळ्यांना आपल्यासारखा कळतही नाही. कुठे जायचं, कधी ओलांडायचं हे माणूसच ठरवतो. रहदारीचा आवाज ऐकून तोच ‘पुढे चल’ म्हणतो. कुत्र्याचं काम असतं त्यानंतरचं. समोरून गाडी आली, तर हुकूम मिळूनही त्याने पाय रोवून उभं राहायचं. प्रशिक्षकांच्या भाषेत ही शहाणी अवज्ञा. आज्ञा पाळणारे कुत्रे पुष्कळ मिळतात. नेमकी कधी मोडायची हे कळणारे थोडे असतात, आणि म्हणूनच गळती मोठी असते. प्रशिक्षणाला घेतलेल्या कुत्र्यांपैकी अनेक संस्थांत निम्म्याच्या आसपासच शेवटपर्यंत पोहोचतात. कुणाचे कमरेचे सांधे कमकुवत निघतात, कुणाच्या डोळ्यांत दोष सापडतो, कुणी खारीच्या मागे धावायचं सोडतच नाही. अशा कुत्र्यांना चांगली घरं मिळतात, काही जण पोलीस किंवा कस्टममध्ये नोकरीला लागतात. पण त्यांच्यावर झालेला खर्च शेवटी यशस्वी कुत्र्यांच्याच खात्यात पडतो.

त्यामुळे कोणतं पिल्लू पुढे टिकेल हे आधी कळलं, तर देणगीदारांचे केवढे पैसे वाचतील! शास्त्रज्ञांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ‘द सीइंग आय’ या संस्थेत एमिली ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ माद्या आणि त्यांची ९८ पिल्लं यांचं पहिल्या दिवसापासून निरीक्षण केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी अनेकांना हसू आलं आणि अनेक आया विचारात पडल्या. ज्या माद्या पिल्लांना सतत चाटत, कवटाळत, त्यांच्याभोवती फिरत राहायच्या, त्यांची पिल्लं पुढे नापास होण्याची शक्यता जास्त होती. दूध पाजण्याची पद्धतही महत्त्वाची ठरली. आई आडवी पडून पाजत असेल तर पिल्लांना सगळं आयतं मिळतं. ती बसून किंवा उभी राहून पाजत असेल तर धडपडावं लागतं. धडपडलेली पिल्लं पुढे जास्त यशस्वी झाली. माणसांच्या मुलांना हा नियम लावायची घाई करू नये, पण पिल्लांच्या बाबतीत तरी थोडी ओढाताण मानवते असं दिसतं.

त्याच वर्षी अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांनी आणखी पुढची पायरी गाठली. त्यांनी ४३ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागेपणी, न बांधता, स्वस्थ पडून राहायला शिकवलं आणि त्यांच्या मेंदूचं काम टिपलं. भावनिक उत्तेजनाशी संबंधित असलेला मेंदूचा भाग, अमिग्डला, ज्यांच्यात जास्त पेटत होता ते कुत्रे पुढे गळण्याची शक्यता अधिक होती. कोणता कुत्रा नापास होईल हे ओळखण्याचं प्रमाण या चाचणीमुळे ४७ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलं. एमआरआयचा खर्च कमी नाही हे खरं. पण वर्षभर शिकवून शेवटी घरी पाठवलेल्या कुत्र्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक असतो.

मग पन्नास पेन्स तरी कशाला घ्यायचे, फुकटच का देत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर शोधायला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि स्फोटांनी हजारो सैनिक आंधळे झाले. जर्मनीत गेरहार्ड स्टालिंग या डॉक्टरांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग इथे अशा सैनिकांसाठी कुत्रे तयार करणारी पहिली शाळा काढली. पुढे पॉट्सडॅमलाही अशीच शाळा निघाली. डोरोथी हॅरिसन युस्टिस ही अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करत होती. पॉट्सडॅमची शाळा पाहून तिने ५ नोव्हेंबर १९२७ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये त्यावर लेख लिहिला.

तो लेख अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात एका बापाने आपल्या अंध मुलाला वाचून दाखवला. मुलाचं नाव मॉरिस फ्रँक, वय वीसच्या आसपास. त्याचा एक डोळा सहाव्या वर्षी झाडाच्या फांदीने गेला होता, दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना. घराबाहेर पडायचं तर पगारी सोबती लागायचा आणि त्याच्या सवडीने जगणं मॉरिसला नकोसं झालं होतं. त्याने युस्टिस यांना पत्र लिहिलं. मला एक कुत्रा द्या, मी परत येऊन इथल्या अंधांसाठी शाळा उभी करीन, असा त्याचा प्रस्ताव होता.

तो स्वित्झर्लंडला गेला आणि १९२८ च्या जून महिन्यात एका जर्मन शेफर्ड मादीसोबत न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. तिचं मूळ नाव होतं ‘किस’. तरण्याताठ्या पोराने रस्त्यात ‘किस, किस’ अशा हाका मारायच्या कशा? त्याने तिचं नाव ठेवलं ‘बडी’, म्हणजे दोस्त. बंदरावर बातमीदार जमले होते. त्यांनी आव्हान दिलं की, हा समोरचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. घोडागाड्या, ट्रक, मोटारी यांनी गजबजलेला तो रस्ता डोळस माणसालाही धडकी भरवणारा होता. बडीने मॉरिसला पलीकडे नेलं. त्याने युस्टिस यांना तार पाठवली, त्यात एकच शब्द होता: यश.

२९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ची स्थापना झाली. पुढे संस्था न्यू जर्सीला गेली. सुरुवातीला युस्टिस यांनी पदरचे पैसे घातले, मग देणगीदार मिळत गेले. पण एका गोष्टीवर संस्था ठाम राहिली. कुत्रा दान म्हणून मिळणार नाही. पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर, नंतरच्या प्रत्येक कुत्र्यासाठी ५० आणि माजी सैनिकांसाठी एक डॉलर, असं शुल्क १९३०च्या दशकात ठरलं आणि आजही तेवढंच आहे. एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्या, पण द्या. पैशांअभावी मात्र कुणाला परत पाठवायचं नाही. त्या काळी १५० डॉलर ही चांगली जड रक्कम होती. आज ती खर्चाच्या मानाने नाममात्र उरली आहे, तरी तिचा अर्थ तसाच आहे. ज्याच्या हातात कुत्र्याचा पट्टा आहे तो उपकाराखाली दबलेला नाही, त्याने आपला वाटा मोजला आहे. ब्रिटनमधल्या पन्नास पेन्सचा अर्थही याच जातीचा.

ब्रिटनमध्ये हे काम १९३१ मध्ये सुरू झालं. लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पलीकडे वॉलसी नावाचं गाव आहे. तिथे म्युरिअल क्रूक आणि रोझमंड बाँड या कुत्र्यांच्या दोन जाणकार बायकांनी भाड्याच्या गॅरेजमध्ये पहिले चार कुत्रे तयार केले. जुडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा. हाताशी पैसा तुटपुंजा. अंध माणसाला कुत्र्याने ओढत नेणं म्हणजे प्राण्यावर अत्याचार, असं म्हणणारे लोकही होते. अशा परिस्थितीत चार माणसं चार कुत्र्यांबरोबर रस्त्यावर चालू लागली, हीच संस्थेची जाहिरात ठरली.

देणगी मागण्याच्या कलेत ब्रिटिशांनी एक मोठी भर घातली ती १९६४ मध्ये, आणि तीही मुलांच्या हातून. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाने मार्गदर्शक कुत्र्यांसाठी मोहीम काढली. त्या वेळी घरोघरी काचेच्या बाटल्यांतून दूध यायचं आणि बाटलीवर ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याचं टोपण असायचं. टोपणं धुऊन, चॉकलेटचे चंदेरी कागद सपाट करून पाठवा, असं मुलांना सांगण्यात आलं. ती भंगारात विकून पैसा उभा करायचा. पोती भरभरून टोपणं आली. त्याच सुमारास हनी नावाचं एक पिल्लू कार्यक्रमात आलं आणि भावी मार्गदर्शक कुत्रा कसा वाढतो, हे मुलांनी टीव्हीवर बघितलं.

या कार्यक्रमाने मुलांकडे सहसा रोख पैसे मागितले नाहीत, जुन्या वस्तू मागितल्या. यामागचा विचार आपल्या शाळांतल्या निधी-संकलनाने उचलावा असा आहे. पैसे मागितले की श्रीमंत घरातलं मूल शंभराची नोट आणतं आणि गरीब घरातलं खाली मान घालून बसतं. दुधाच्या बाटलीचं टोपण मात्र दोन्ही घरांत सारखंच असतं.

मुलांकडे किंवा मुलीकडे राहायला मेलबर्नला गेलेल्या आजी-आजोबांनी दुकानाच्या दारात बसलेला फायबरचा लॅब्रॅडॉर पाहिला असेल. आकाराने खऱ्या कुत्र्याएवढा, नाणी टाकायला फट असलेला. जपानमध्येही अशा दानपेट्या दिसतात. लहान मुलं त्याला थोपटतात, मग आईकडे नाण्यासाठी हट्ट धरतात. हे गोड चित्र आहे आणि त्यात एक अडचणही आहे. पिल्लाच्या भोळ्या डोळ्यांकडे बघून खिसे उघडतात, त्यामुळे जाहिरातींत पिल्लू पुढे येतं आणि माणूस मागे पडतो. आला तरी बिचारा म्हणून येतो. कुत्रा वापरणाऱ्या दिव्यांगांच्या संघटना यावर अनेकदा नाराजी व्यक्त करतात. कुत्र्याने आपल्याला ‘वाचवलं’ नाही, आपण त्याच्याबरोबर काम करायला शिकलो, असं त्यांचं म्हणणं असतं. हुकूम देणं, दिशा लक्षात ठेवणं, रोज त्याला खाऊ घालणं, त्याची विष्ठा उचलणं हे सगळं अंध मालकच करतो.

मार्गदर्शक कुत्र्यांच्या पाठोपाठ इतर प्रकार आले. कॅलिफोर्नियात सांता रोझा इथे बॉनी बर्गिन यांनी १९७५ मध्ये ‘कॅनाइन कम्पॅनियन्स’ सुरू केली. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाच्या हातून पडलेली किल्ली उचलून देणं, दार ओढणं, दिव्याचं बटण दाबणं अशी कामं तिथले कुत्रे शिकतात. बहिऱ्या माणसाला दारावरची घंटा कळवणारे कुत्रे आहेत. मधुमेह्याच्या रक्तातली साखर घसरताना वासाने ओळखणारे आहेत. ऑटिझम असलेल्या मुलाला गर्दीत स्थिर ठेवणारे आहेत. युद्धाचा मानसिक आघात घेऊन आलेल्या सैनिकाला रात्री दुःस्वप्नातून उठवणारेही आहेत. मागणी अशी सगळीकडून वाढली आणि कुत्रे मात्र तेवढ्याच संथ गतीने तयार होत राहिले. कोविडच्या काळात पैदास आणि प्रशिक्षण थांबल्याने रांग आणखी लांबली.

जिथे रांग लांब आणि गरज हातघाईची, तिथे वेगळाच बाजार उभा राहतो. अमेरिकेत काही ठिकाणी अर्जदार कुटुंबालाच सांगितलं जातं की, तुमच्या मुलाच्या कुत्र्यासाठी निधी तुम्ही गोळा करा. मग आईबाप चर्चमध्ये केक विकतात, शाळेत जत्रा भरवतात, इंटरनेटवर आपल्या आजारी मुलाचा फोटो टाकून हात पसरतात. यातल्या अनेक संस्था प्रामाणिक आहेत. तरीही यात एक अन्याय आहेच. ज्याचं गणगोत मोठं आणि लेखणी गोड, त्याचा निधी लवकर जमतो. एकट्या, अबोल माणसाचा जमत नाही.

आणि सगळ्या संस्था प्रामाणिक नसतात. व्हर्जिनिया राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१८ मध्ये अशाच एका विक्रेत्यावर दावा लावला. मधुमेही मुलांच्या पालकांना तो १८ ते २७ हजार डॉलरना ‘साखर ओळखणारे’ कुत्रे विकत होता आणि पैसे लोकांकडून गोळा करा असं सुचवत होता. दाव्यात म्हटलं होतं की, प्रत्यक्षात घरी आली ती जेमतेम शिकवलेली पिल्लं. मुलाची साखर मध्यरात्री खाली जाईल आणि कुत्रा उठवेल, या भरवशावर झोपणाऱ्या आईचा विचार केला की यातला धोका निव्वळ पैशांचा नाही हे लक्षात येतं. ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ आणि अंधांच्या कुत्र्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेला ‘इंटरनॅशनल गाइड डॉग फेडरेशन’ या जागतिक संघटना सदस्य संस्थांची तपासणी करतात. देणगी देण्याआधी त्यांच्या यादीत नाव बघणं ही पहिली खबरदारी.

दुसरी खबरदारी म्हणजे दाव्यांमागचा पुरावा बघणं. इथे विज्ञानाची गाडी जरा अडखळते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या, गंभीर अपंगत्व असलेल्या ४८ जणांवरचा एक अभ्यास १९९६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता. निम्म्यांना लवकर कुत्रा, निम्म्यांना वर्षभराने, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केली होती. कुत्रा मिळालेल्यांचा आत्मसन्मान वाढला आणि त्यांना लागणाऱ्या पगारी मदतीचे तास जवळपास दोन-तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष निघाला. निधी गोळा करणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. पण दोन वर्षांत एकही माणूस अभ्यासातून गळला नाही आणि सगळ्यांनाच एवढा फायदा झाला, हे पाहून जाणकारांच्या भुवया तेव्हाच उंचावल्या होत्या. इतके चांगले आकडे नंतर कुणाला मिळाले नाहीत.

युद्धाच्या मानसिक आघाताबाबत अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने केलेला अभ्यास जास्त सावध आहे. संसदेने तो करायला सांगितला, २०११ मध्ये सुरू झाला, मध्येच कुत्र्यांच्या तब्येती आणि चावे यांवरून थांबला आणि अखेर २०२१ च्या सुरुवातीला निष्कर्ष आले. १८१ माजी सैनिकांपैकी काहींना खास प्रशिक्षित कुत्रा दिला, काहींना नुसता सोबतीचा चांगल्या वळणाचा कुत्रा. रोजच्या जगण्यातल्या अडचणींत दोन गटांत फरक दिसला नाही. मात्र प्रशिक्षित कुत्रा असलेल्यांची आघाताची लक्षणं काहीशी कमी झाली आणि आत्महत्येचे विचारही कमी झाले. कुत्राच न मिळालेला तिसरा गट अभ्यासात नव्हता, ही त्याची मोठी उणीव. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि काही केंद्रांत सैनिकांनी कुत्रे प्रशिक्षित करण्याचा उपचार म्हणून प्रयोग करायला वाट मिळाली.

साखर ओळखणाऱ्या कुत्र्यांबाबतही असंच संमिश्र आहे. ब्रिटनमधल्या २७ कुत्र्यांच्या २०१९ सालच्या अभ्यासात साखर मर्यादेबाहेर गेल्याच्या दर दहा प्रसंगांपैकी साधारण सात प्रसंगी कुत्र्याने इशारा दिला. पण एका कुत्र्यात आणि दुसऱ्यात फरक फार मोठा होता. आज दंडाला चिकटवलेला सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजून मोबाइलवर गजर देतो. अशा वेळी कुत्र्यावर खर्च करावा का, हा प्रश्न रास्त आहे.

याहून टोकदार प्रश्न विचारला तो तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी. अमेरिकेत एक मार्गदर्शक कुत्रा आणि त्याचा मालक यांना तयार करायला सुमारे ४० हजार डॉलर लागतात. गरीब देशांत खुपरी म्हणजे ट्रॅकोमा या रोगाने येणारं अंधत्व २० ते ५० डॉलरमध्ये टाळता येतं. मग देणगी कुठे द्यावी, असं त्यांनी २०१३ च्या एका गाजलेल्या भाषणात विचारलं. ज्या महाराष्ट्रात मोतीबिंदूच्या शिबिराला देणगी देणं ही जुनी रीत आहे, तिथल्या वाचकाला हा हिशेब चटकन पटेल. पण त्यात खाचा आहेत. ट्रॅकोमाची शस्त्रक्रिया आत वळलेल्या पापण्या सरळ करते आणि बुबुळ आणखी खराब होणं थांबवते. गेलेली दृष्टी ती आणून देत नाही. भारतातून तर हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं. आणि ज्याचा दृष्टिपटलच निकामी आहे, ज्याच्यासाठी कोणतीच शस्त्रक्रिया उरलेली नाही, त्याने घराबाहेर कसं पडायचं, याचं उत्तर या हिशेबात येत नाही. दोन्ही गरजा एकाच तराजूत घालण्याचा मोह आवरलेलाच बरा. सिंगर यांच्या प्रश्नाचा उपयोग एवढाच की, पन्नास लाखांच्या कुत्र्यासाठी पैसे मागणाऱ्याला त्यातल्या प्रत्येक रुपयाचा जाब देता आला पाहिजे.

आपल्याकडे पांढरी काठी घेतलेला माणूस रोज दिसतो, मार्गदर्शक कुत्रा जवळपास दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्या मानाने कुत्र्यांची संख्या नगण्य. मुंबई-पुण्यात रुग्णालयांत, विशेष मुलांच्या शाळांत कुत्रे घेऊन जाणाऱ्या संस्था आहेत, पण ते उपचाराला साथ देणारे कुत्रे. ते तासाभरासाठी येतात आणि आपल्या मालकाबरोबर परत जातात. एका माणसाबरोबर दिवसरात्र काम करणारा कुत्रा वेगळा.

त्याच्या वाटेतला अडथळा फक्त पैशांचा नाही. शिकवलेला लॅब्रॅडॉर पदपथाच्या मधोमध चालेल, पण आधी पदपथ तर हवा. मोटारसायकली, फेरीवाले, उघडी गटारं यांतून वाट काढली, तरी पुढच्या नाक्यावर गल्लीतली पाच-सहा कुत्री आपली हद्द सांभाळायला भुंकत येतात. हार्नेस घातलेला कुत्रा तिथे काय करणार? शिवाय हॉटेल, बस, देऊळ, भाड्याचं घर, सगळीकडे त्याला ‘काम करणारा’ म्हणून आत घ्यायची सवय लागायला हवी. ज्या देशांत हे कुत्रे रुळले तिथेही दुकानदार आणि टॅक्सीवाले यांच्याशी भांडणं अजून संपलेली नाहीत. ब्रिटनमध्येही नोंदणीकृत अंध आणि अंशतः अंध साडेतीन लाखांच्या घरात आणि मार्गदर्शक कुत्रे अवघे काही हजार. बाकीच्यांचं चालणं काठीवर, सोबत्यावर आणि नीट बांधलेल्या रस्त्यावरच आहे. त्यामुळे भारतात याच कामासाठी देणगी द्यायची झाली, तर पहिली वीट बहुधा काठी शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या पगारासाठी लागेल.

कुत्रा साधारण नऊ-दहा वर्षांचा झाला की निवृत्त होतो. चाल मंदावते, कडेला थांबायला क्षणभर उशीर होतो. हे पहिल्यांदा कळतं ते हार्नेस धरलेल्या हाताला. मग अवघड निर्णय येतो. घर मोठं असेल, मदतीला कुणी असेल तर म्हातारा कुत्रा घरीच राहतो आणि नव्या कुत्र्याला हार्नेस घालून बाहेर जाताना दारातून बघत बसतो. नसेल तर अनेकदा ज्या कुटुंबाने त्याला पिल्लू असताना वाढवलं त्यांच्याकडे, किंवा दुसऱ्या घरी, तो उरलेली वर्षं काढायला जातो.

मॉरिस फ्रँकची बडी १९३८ मध्ये गेली. तोवर तिच्यासारख्याच अनेक कुत्र्यांनी अमेरिकाभर अंध माणसांना रस्ते ओलांडून दिले होते. मॉरिसने दुसरा कुत्रा घेतला. त्याचंही नाव त्याने बडीच ठेवलं.